घरचा दाखला

वाल्मीकनं संदेशातला दाखला सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला दैवशालाच्या लक्षात आलं, की हे आपलंच घर आहे.

वालूरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये ख्रिस्ती मंडळी जमायची आणि दर रविवारी तिचा नवरा, हा वाल्मीक, संदेश द्यायचा. आठवडाभर जिंतूरला विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस. शास्त्रातलं अवघड काही सांगणं त्याला जमायचं नाही. तो घरातलंच सांगायचा. करपलेल्या भाकरीवरून धीर, हरवलेल्या किल्लीवरून विश्वास. पंचवीस-तीस माणसं माना डोलवायची. ती किल्ली दैवशालानंच हरवली होती, आणि त्या रविवारी सगळ्यांबरोबर तीही पोटभर हसली होती.

आज तो म्हणाला, एका घरात एक म्हातारी आई आहे. तिचं अंथरूण रोज ओलं होतं. घरातली एक बहीण – मंडळीत बाईला तो बहीणच म्हणायचा – पहाटे उठून ते धुते. धुता धुता एक दिवस त्या बहिणीच्या तोंडून निघून गेलं, प्रभू, हिला आता ने.



हे दैवशालानं नवऱ्याला बुधवारी सांगितलं होतं. चुलीपुढं बसून, तोंडाला पदर लावून. आठ महिने ती हे मनात घेऊन फिरत होती. माहेरी बोलली नव्हती, शेजारी बोलली नव्हती. वाल्मीकनं तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती आणि तिला इतकं हलकं वाटलं होतं, की त्या दिवशी ती दोन भाकरी जास्त जेवली.

आणि ती म्हातारी आई, वाल्मीकची आई चांगुणाबाई, शेडमध्ये दैवशालाच्या शेजारीच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. एकटीला उठता येत नव्हतं म्हणून सुनेनंच तिला रिक्षातून आणलं होतं. दाखला सुरू झाला तेव्हा तिचा हात सुनेच्या हातात होता. मधेच कधीतरी तो तिनं काढून घेतला आणि पदराखाली ठेवला.

वाल्मीकनं शेवट चांगला केला. थकलेल्या माणसाचा राग देव धरत नाही, म्हणाला. आपलं पाप बोलून दाखवणाऱ्याला तो जवळ घेतो. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. म्हणूनच दैवशालाला नेमकं काय डाचतंय ते सांगता येईना.

उपासना सुटल्यावर बायका एकेक करून तिच्यापाशी आल्या. कस्तुराबाईनं पाठीवर हात फिरवला आणि तुझ्यासाठी रोज प्रार्थना करीन म्हणाली. कुणी नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरजच नव्हती.

सासूला रिक्षात बसवून ती वाल्मीककडं गेली. तो माणसांत उभा होता. त्याला बाजूला घेऊन ती हळू आवाजात म्हणाली, "मी तुमाला सांगितलं होतं. मंडळीला न्हाई."

"नाव कुठं घेतलं मी? आन् लोकांच्या डोळ्याला पाणी आलं, बघितलंस का?"

तो मनापासून खूश होता. तुम्ही व्हा पुढं, म्हणाला, मी मंडळीतल्या दिनकररावांना घेऊन येतो, आईसाठी घरी प्रार्थना करू.

 रिक्षात म्हातारी रस्त्याकडं बघत होती. दैवशाला मनात एकेक वाक्य जुळवत होती आणि टाकून देत होती. घरापाशी उतरवताना तिच्या हाताला सासूचं लुगडं ओलं लागलं. तिनं तिला आत नेलं, दाराला कडी घातली, पाणी तापवलं आणि कोपऱ्यातल्या न्हाणीत पाटावर बसवलं.

पहिला तांब्या अंगावर पडला तेव्हा म्हातारीनं डोळे मिटले. दैवशालाला वाटलं, शिव्या दिल्या तर बरं होईल. मग तीच म्हणाली, "आत्या, मी तसं म्हणले होते. खोटं न्हाई."

"मीबी रोज तेच मागायलेय," चांगुणाबाई म्हणाली. "त्याचं काय न्हाई."

दैवशालाचा हात थांबला. म्हातारीची मान खाली होती. पाणी तिच्या हाडकुळ्या पाठीवरून ओघळत होतं. 

"माझ्या अंथरुणाचं कामून सांगितलं त्यानं? सात वर्षांचा होईस्तोवर ह्याच्या गोधड्या मी धुतल्या. ह्याच्या बापालाबी कधी कळू दिलं न्हाई."

 सकाळपासून आपलीच लाज दैवशालाला पुरली होती. शेजारच्या खुर्चीवर दुसरं कुणी तसंच बसलं होतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

बाहेर चपला वाजल्या. दोन-तीन माणसांचे आवाज आले. वाल्मीकनं दारावर थाप दिली. मंडळी आलीत, आईला बाहेर आण, म्हणाला.

दैवशाला उठू लागली. चांगुणाबाईनं मान वर केली.

"बस. भाईरच करा म्हणावं."

दैवशालानं तसं सांगितलं. बाहेर क्षणभर कुजबूज झाली. मग वाल्मीकनं घसा साफ केला आणि दारापलीकडून आईचं नाव घेऊन मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. आत दैवशालानं दुसरा तांब्या भरला, पाणी फार कढत नाही ना ते आपल्या मनगटावर बघितलं, आणि मग म्हातारीच्या पाठीवर हळूहळू ओतलं.