तळ्याकाठचं वळण

बंकटनं पहार उचलली आणि देवाला हात जोडले. मागं जेसीबी घरघरत उभा होता. सरपंच सुंदरराव हातात नारळ धरून थांबले होते. म्हसोबाच्या दगडाला पहिला हात बंकटनंच लावायचा, असं गावानं ठरवलं होतं. देव त्याच्या बायकोचा. ती गेली, आता त्याचा.

"उरका, बंकटमामा," सुंदरराव म्हणाले. "सडक सरळ व्हायला पन्नास वर्सं लागली. आता तुमच्या पहारीपायी नका थांबवू."

लोक हसले. बंकटनंही हसल्यासारखं केलं.

सडक तळ्याइतकीच जुनी. बहात्तरच्या दुष्काळात दोन्ही कामं एकदमच निघाली. जुनी गाडीवाट तळ्याच्या पाण्याखाली जाणार, म्हणून काठानं नवी सडक काढली. तलवाड्याकडून ती सरळ येते आणि तळ्यापाशी पोटात दुखल्यासारखी एकाएकी वाकते. पुढं पुन्हा सरळ. मुकादमानं आखणीची चुन्याची फक्की सरळच मारली होती. पण एका सकाळी बाया खडी फोडायला आल्या, तर फक्कीवर शेंदूर फासलेला दगड. म्हसोबा आपणहून वर आला, असं सगळे म्हणाले. मुकादमानं पायताण काढलं, डोकं टेकवलं आणि सडक वाकवली. पुढं डांबर आलं, एसटी आली, उसाचे ट्रॅक्टर आले, आता हायवे आला. वळण तेवढं राहिलं.

बंकटनं यातलं काही पाहिलं नव्हतं. त्या साली तो मेंढरं जगवायला नांदेडकडं गेला होता. बायकोचे, अंजनाचे, दिवस भरत आलेले, म्हणून ती मागं राहिली आणि सडकेच्या कामावर जाऊ लागली. तो परतला तेव्हा तळ्यात पहिलं पाणी साचलं होतं. पोरगी झाली होती आणि गेलीही होती. तान्ह्या जिवाला जाळत नाहीत, पुरतात.

"कुठं पुरली?" त्यानं विचारलं होतं.

"पाण्यात गेली ती जागा," अंजना म्हणाली होती.

त्यानं पुन्हा विचारलं नाही. पुढं मुलं झाली, मोठी झाली, कामधंद्याला लागली. पण त्या तळ्यात मेंढरं धुवायला बंकटनं कधी घातली नाहीत.

अंजनाला मात्र त्या म्हसोबाचं वेड लागलं. रोज शेळीची पहिली धार त्याची. म्हसोबाला कुठं कोंबडं लागतं, कुठं बकरं. हिनं तिथं नारळसुद्धा फोडू दिला नाही. "आमच्या देवाला दात न्हाईत," म्हणायची. वाटेत दूध गार झालं तर लोटी काखेत धरून बसायची, कोमट झालं की मग ओतायची. एखाद्या ट्रकवाल्यानं हॉर्न दिला की ढेकूळ घेऊन धावायची, "हळू बे! देव झोपलाय!" ड्रायव्हर हसायचे आणि हळू व्हायचे. गेवराईपर्यंत त्या वळणाला 'म्हातारीचं वळण' म्हणूनच ओळखत.

गेल्या महिन्यात ती गेली. जाताना एवढंच म्हणाली, "दूध चुकवू नका."

त्यानं चुकवलं नव्हतं. देव हलवायला तो तयार झाला तोही त्यासाठीच. तळ्याच्या बांधावर नवं देऊळ होणार होतं, खाली फरशी, वर पत्रा. तिच्या देवाला सावली मिळेल आणि दूधही चुकणार नाही. सडकेशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

त्यानं पहार दगडाखाली घातली. तेवढ्यात गर्दीतून छबुबाई पुढं आली. अंजनाबरोबर या सडकेवर खडी फोडलेल्यांपैकी ती एकटीच उरली होती. तिनं त्याचा हात धरला.

"दाजी, थांबा."

"कावून?"

छबुबाईनं त्याला बाजूला ओढलं आणि कानाशी तोंड नेलं.

"देव काय, दगड हाय वो. वढ्यातून मी न् अंजीनंच आणलाय. शेंदूर मीच फासला. त्या मुकादमाची फक्की नेमकी वरून गेलती. वली बाळंतीण व्हती अंजी. म्हणली, छबे, माझ्या लेकीच्या अंगावरून गाड्या जात्याल."

बंकट दगडाकडं वळला.

"मला न्हाई सांगितलं तिनं."

"तुमी हितं येऊन रडला असता. मग गावाला कळलं असतं. देव न्हाई म्हणल्यावर सडक वरूनच गेली असती. मला बी शपथ घातलती."

बंकटनं तळ्याच्या पाण्याकडं पाहिलं. इतकी वर्षं तो तिकडंच बघत आला होता. मग त्यानं आपल्या पायांकडं पाहिलं आणि दोन पावलं मागं सरला.

वाकून त्यानं पहार हलकेच काढून घेतली. आवाज होणार नाही अशी आडवी ठेवली.

"काय झालं, मामा?" सुंदररावांनी विचारलं.

"देव न्हाई म्हणतोय."

"आत्ता? नारळ आणल्यावर? सायबाला काय सांगू मी?"

"सांगा, म्हातारं हट्टाला पेटलंय. सडक वळती हाय, तशी वळू द्या."

सुंदरराव चिडले, पण पुढं झाले नाहीत. देवाच्या माणसानं नाही म्हटल्यावर शेंदराला हात लावायची कुणाची छाती नव्हती. जेसीबीवाल्यानं मशीन मागं घेतलं आणि सवयीनं हॉर्न दिला.

"हळू बे!" बंकट ओरडला. थेट अंजनासारखा.

माणसं पांगली. तो तिथंच मातीत बसला. सकाळची लोटी तशीच भरलेली होती. ओतायला तो वाकला आणि थांबला. लोटी हाताला गार लागली. महिनाभर तो गारच दूध ओतत आला होता. दगडाला काय कळतंय, म्हणून.

त्यानं लोटी काखेत धरली आणि वाट बघत बसला.