अमावस्येची सुकती

“इंग्रज तू घे,” कृष्णकांत म्हणाला. “मराठे मी.”

परेशने टेबलाकडे पाहिलं. खांदा कॉलनीतल्या त्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल निळ्या कापडाखाली गेलं होतं. मधोमध थर्माकोलचं खांदेरी बेट, भोवती बोटभर लांबीची इंग्रजांची जहाजं, थळच्या किनाऱ्याला मराठ्यांच्या होड्या. घरातली तिघं चार दिवस ताटं मांडीवर घेऊन जेवत होती.

“आमचे वाडवडील त्या होड्यांवर होते, काका. वल्ही मारायला.”

“वल्ही मारणं वेगळं, लढाई आखणं वेगळं.”

परेश हसला आणि इंग्रजांच्या बाजूला जाऊन बसला.

आठ महिन्यांपूर्वी रुचिराने घरात त्याचं नाव काढलं होतं. उरणचा कोळी, बंदरात क्रेन चालवतो, हे ऐकून तिचा बाप नाही म्हणाला नाही. तसं म्हणणं मागासलेपणाचं दिसलं असतं आणि कृष्णकांत स्वतःला पुढारलेला समजायचा. त्याने अट घातली. या टेबलावर मला हरव, मग लग्नाचं बोलू.

पंधरा वर्षांत त्याला कुणी हरवलं नव्हतं. नियमांची वही त्याने स्वतः लिहिली होती आणि हरायची वेळ आली की त्याला वहीत नवा नियम सापडायचा.

त्याच्यामागे भिंतभर विज्ञानकथा होत्या. शनीच्या चंद्रावर बर्फाखाली असलेल्या समुद्रावर तो अर्धा तास बोलू शकायचा. उरणचा समुद्र त्याने दोनदा पाहिला होता. दोन्ही वेळा गाडीच्या काचेतून.

“एकदा जिंकलास की त्यांना तोंड राहणार नाही,” रुचिराने जिन्यात सांगितलं होतं.

“तू फक्त बघत राहा,” परेश म्हणाला होता.

बघत राहण्यासारखा माणूस होताच तो. ऑफिसच्या सहलीत मोरा बंदरावर तिचा साहेब लाँचवाल्यावर ओरडत होता, आत्ताच्या आत्ता निघायचं म्हणून. लाँचवाला घाबरून दोर सोडायला लागला. तेव्हा रांगेतला एक अनोळखी माणूस पुढे आला. “साहेब, तुमी ऑफिसात साहेब. आता सुकती हाय, पानी उतरलंय. लाँच चिखलात बसली तर तिला काय मेमो देणार?” साहेब लालबुंद झाला. लाँच दोन तास थांबली. रुचिराने त्याचा नंबर त्याच दिवशी घेतला.

डावाच्या पहिल्या तासात परेशने जहाजं बेटाजवळून काढली आणि थळच्या तोंडावर आडवी लावली. होड्या किनाऱ्यावरच अडकल्या. बेटावरच्या मराठ्यांकडे दोन दिवसांचं धान्य उरलं. कृष्णकांतचे कान लाल झाले. रुचिरा चहा घेऊन आली तेव्हा तिला ते दिसलं आणि ती ट्रे घेऊन तिथेच उभी राहिली.

कृष्णकांतने वही उघडली.

“आज अमावस्या. दुपारचे बारा. ओहोटी. तुझी जहाजं गाळात रुतली.”

परेशच्या हातातले फासे हातातच राहिले. “अमावस्येला बाराला भरती असते, काका. उधाणाची. सुकती सांजेला.”

“कोष्टकात ओहोटी आहे.”

“कोष्टक कुणाचं?”

“माझं.”

“अहो, तो समुद्रावरचा आहे,” रुचिराची आई अरुंधती स्वयंपाकघरातून म्हणाली. “त्याला तरी विचारा. तुम्हाला पाण्याची टाकी कधी भरते तेही माहीत नसतं.”

“तू भाजी बघ.”

कृष्णकांतने चष्मा काढून पुसला. “हे बघ, मान्य नसेल तर डाव इथेच थांबवू. मग बाकीचंही थांबलं. माझी जबरदस्ती नाही.”

अमावस्येचं उधाण कोळ्याच्या पोराला चालायला लागण्याआधी माहीत असतं. फोन खिशात होता. भरतीची वेळ काढून दाखवायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

परेशने कृष्णकांतच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग मान खाली घातली.

“नाय, बरोबर हाय तुमचं. माझाच घोटाळा झाला.”

त्याने स्वतःच्या हाताने आपली जहाजं एकेक करून आडवी केली.

पुढे पंधरा मिनिटंही लागली नाहीत. होड्या बेटाला लागल्या, धान्य पोचलं, खांदेरी राहिली. कृष्णकांतने शेवटची होडी ठेवताना तोंडाने तोफेचा आवाजसुद्धा काढला.

“हरलो, काका.”

“हरलास.” कृष्णकांत खुर्चीत मागे रेलला. रुचिराच्या हातातला चहा गार झाला होता. “पण एक सांगतो. आजवर या टेबलावर जो आला तो माझ्याशी हुज्जत घालून गेला. सगळे दीडशहाणे. मोठ्या माणसाशी कसं वागायचं ते कळणारा तू पहिला. अट गेली खड्ड्यात. माझी हरकत नाही.”

अरुंधती पदराला हात पुसत बाहेर आली. “खरं म्हणताय?”

“खरं. साखर आण.”

परेश वाकला. कृष्णकांतच्या पायाला हात लावताना त्याने मान वळवून रुचिराकडे पाहिलं आणि डोळा मारला. उठल्यावर तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “जिंकलो असतो तर आयुष्यभर डूख धरला असता त्यानं. म्हातारा कसा गार केला, बघितलंस?”

“बघितलं,” रुचिरा म्हणाली.

तिने ट्रे टेबलावर ठेवला, इंग्रज आणि मराठे दोघांच्या मधोमध.

“बाबा, तुम्हाला पसंत आहे ना हा?”

“म्हटलं ना, आहे.”

“मग ठेवा तुम्हीच. मला नको.”