आपल्याकडचं वाद्य

स्कॉटलंडच्या संताचा, सेंट अँड्र्यूचा दिवस होता. तिथं नातीच्या शाळेत परदेशी मुलांच्या आजोबांनी व्हिडिओ कॉलवर आपल्याकडचं वाद्य वाजवायचं होतं. देवळालीत निवृत्त हवालदार मल्हारींनी लष्करी बँडमधला बॅगपाइप काखेत धरला आणि शाळेतून बोलणारा मुलगा वैतागला. "बाबा, ते नको! इथं गल्लोगल्ली तेच वाजतं. आपलं काहीतरी वाजवा. शेजारचा ढोल आणला ना?" "आणलाय. पण मी जन्मात ढोल वाजवला नाही रे. चोवीस वर्षं हेच फुंकलंय." "नुसता बडवा हो, इथं कुणाला कळतंय?" मागं निळ्या-पांढऱ्या झेंड्यांखाली पोरं ताटकळली होती. आजोबा काय वाजवणार, असं बाईंनी विचारताच नात पढवल्यासारखं म्हणाली, "नाशिक ढोल." मल्हारींनी ढोल बाजूला सरकवला आणि छातीभर श्वास घेतला. बॅगपाइप दणाणला. पडद्यावर मुलगा ओरडत होता. त्याचे नुसते ओठ हलताना दिसले.