निरीक्षणवही

बालशिक्षणाच्या पदवीसाठी मला नारीन शहरातल्या एका बालवाडीत दोन आठवडे बसून एकाच मुलाचं निरीक्षण लिहायचं होतं. मी चार वर्षांचा बायस्तान निवडला.

स्वयंपाक करणाऱ्या तुर्सुनाय मावशींना पहिल्याच दिवशी माझा संशय आला. "म्हणे कॉलेजची! कॉलेजच्या पोरी एवढं लिहितात होय? हिला वरून तपासणीला पाठवलंय," त्या मला ऐकू जाईल अशा बेतानं मदतनीस बाईंना म्हणाल्या. रोज सूप वाढताना पातेल्यापेक्षा माझ्या वहीकडेच त्यांचं जास्त लक्ष असे. "काय ते नीट बघून लिही," असंही बजावत.

मी नीट बघूनच लिहीत होते. 'बायस्तान सुपातला मांसाचा तुकडा शेजारी बसलेल्या मुलीला दाखवून विचारतो, आज सण आहे का? कल्पनाशक्ती उत्तम. तुकडा शेवटी खायला राखून ठेवतो. संयम चांगला.'

शेवटच्या दिवशी मी कोट चढवत होते, तेव्हा त्यानं माझी बाही ओढली आणि हळूच म्हणाला, "ताई, वही इथंच ठेव ना."

"का रे?"

"तू गेलीस तरी चालेल. वही दिसली की मावशी सुपात मांस घालतात."