एकोणीस कार्यक्रम

सातव्या कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगमध्येही तो खोकला सापडला, तेव्हा साउंडवाल्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि नुसता बसून राहिला.

दोन आखूड, एक लांब, मग घसा साफ केल्याचा बारीक आवाज. बावीस वर्षं तो हा खोकला ऐकत होता. धूर नाकात गेला की बायकोला हटकून यायचा. स्टेजवर धुराचं मशीन सुरू झालं, की पुढच्या मिनिटाला रेकॉर्डिंगमध्ये तो हजर.

गायक जाऊन अकरा महिने झाले होते. आवाजावरून लोक त्याला मखमल म्हणत. वर्ष भरेल त्या दिवशी त्याच्या कार्यक्रमांचा संच बाहेर काढायचा, असं त्याच्या भावाने ठरवलं होतं. सोबत एक पुस्तिका: कुठला कार्यक्रम, कुठल्या गावी, कुठल्या तारखेला. शेवटच्या सहा वर्षांतल्या एकोणीसही कार्यक्रमांना मिक्सरवर हा साउंडवालाच होता. रेकॉर्डिंग याच्याकडे, तारखा याला तोंडपाठ. हे काम दुसरं कोण करणार?

घरामागच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना जाड फोम, दार लावलं की स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येई. आठ दिवस तो तिथे कोंडून घेतल्यासारखा बसला होता. बाहेर यावं तर बायको समोर, आत जावं तर तिचा खोकला कानात. काम सोडताही येत नव्हतं. भावाचा रोज फोन यायचा. आणि खोकला खोडायला गेलं, की त्याच्याखालचं गाणंही जात होतं.

एकोणीसपैकी अकरा कार्यक्रमांत ती होती. अकरा वेगवेगळी गावं.

तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मी बहिणीकडे होते. त्या काळात ती वरचेवर बहिणीकडे जायची. त्यालाही ते सोयीचं होतं, फोनवर हजेरी द्यावी लागत नसे. सामान उतरवून तो घरी पोचायच्या आत ती परतलेली असायची. मखमलचं गाणं लागलं की मात्र उठून रेडिओ बंद करायची. मला नाही आवडत तो, म्हणायची. आता त्याला त्या उठण्याचाही वेगळाच अर्थ दिसू लागला.

मेहुणीला त्याने सहज म्हणून फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, ताईला आमच्याकडे राहायला येऊन दहा वर्षं तरी झाली असतील, तिला जरा पाठवा की.

बाराव्या कार्यक्रमात तर कहर होता. दोन गाण्यांच्या मधे मखमल हसून म्हणत होता, "मागे कुणी खोकतंय, त्यांना पाणी द्या रे." आणि सगळं मैदान हसलं. मखमल बायकांच्या बाबतीत कसा होता, हे कार्यक्रमाच्या मंडळींपैकी कुणाला सांगायला नको होतं. साउंडवाल्याने ते वाक्य चाळीस वेळा ऐकलं. त्या आवाजातली माया त्याला दर वेळी थोडी अधिक वाटली.

माणूस मेलेला. भांडायचं तरी कुणाशी?

नवव्या दिवशी दुपारी बायको चहा घेऊन आली. त्याने दार लावलं, तिला खुर्चीत बसवलं आणि अकराही तुकडे एकापाठोपाठ एक लावले. ती मांडीवर हात ठेवून ऐकत राहिली. पाण्याच्या वाक्याला किंचित हसली. ते हसू बघून त्याचं डोकं फिरलं.

"किती वर्षं चाललं होतं?" त्याने विचारलं.

हा आवाज कुठल्या माइकमधून आला, एवढंच तिने विचारलं.

टाळ्यांसाठी दोन माइक लावायचो, तो म्हणाला. मिक्सरच्या मागे.

"मागे म्हणजे किती?"

"चार पावलं."

"स्टेज तिथून किती लांब?"

दीडशे फूट, असं सांगता सांगता तो थांबला. चार पावलांवर. अकरा गावांत बायको त्याच्या पाठीमागे चार पावलांवर उभी होती, आणि कानावर हेडफोन चढवून बसलेल्या त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.

"मी त्याच्यासाठी येत नव्हते," ती म्हणाली. "तुम्हाला बघायला यायचे."

नऊ दिवसांत तिच्याविषयी काय काय मनात आणलं, ते आठवून त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने तिच्या हातावर हात ठेवला. माझं चुकलं, असं शेवटी तो कसंबसं म्हणाला. तिने मान डोलावली.

मग हात सोडवून घेऊन तिने पुस्तिकेची यादी पुढे ओढली. चष्मा लावून एकेक तारीख वाचली.

"एक राहिलाय," ती म्हणाली.

काही राहिलेलं नाही, भावानेही दोनदा तपासलं आहे, असं त्याने समजुतीने सांगितलं. पण तिने पेन्सिल उचलली. एकोणीसच्या खाली वीस लिहून एक तारीख घातली आणि पुढे गावाचं नाव लिहून कागद त्याच्याकडे फिरवला.

"या दिवशीही कार्यक्रम आहे असं सांगूनच निघाला होतात तुम्ही. मी मागच्या गाडीने आले. मैदानात पोरं खेळत होती, स्टेज नाही, काही नाही. मग लॉजच्या समोर उभी राहिले, तुम्ही आणि ती बाई बाहेर येईपर्यंत."