चुकलेल्या नेमाचा गुण

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या वॉगा गावात माझे बाबा कट्टर रग्बी लीगवाले, तर सासरे ऑसी रूल्स फुटबॉलवाले. दोघं भेटले की बाबा सुरू होतात, "काय व्याहीबुवा, गोल हुकला तरी एक गुण देता म्हणे तुम्ही. याला खेळ म्हणायचं? आमच्याकडे हुकलं की भोपळा." सासरे शेगडीवरचं सगळ्यात करपलेलं सॉसेज बाबांच्या पावात ठेवतात.

काल माझ्या लेकीचा, ब्रॉनविनचा, रूल्सचा अंतिम सामना होता. "नातीसाठी येतोय, तुमच्या खेळासाठी नाही," असं बजावून बाबा लीगची जर्सी घालूनच आले.

अगदी शेवटी गुण बरोबरीत होते आणि चेंडू ब्रॉनविनच्या हातात होता. तिने किक मारली. मधल्या दोन खांबांतून जायचा तो चेंडू बाजूच्या फटीतून गेला. गोल हुकला, एक गुण मिळाला, भोंगा वाजला आणि आमच्या पोरी जिंकल्या.

सासऱ्यांनी शांतपणे विचारलं, "व्याहीबुवा, तो एक गुण परत करायचा का?"



"खबरदार. पोरीने नेम धरूनच तिकडे मारलाय."