काळ्या छत्रीवरचा भाव

वाचनालयाच्या भिंतीवर फळा नव्हता, नुसते चार खिळे होते. द्वारकाबाई ओला खडू हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

गेली अकरा वर्षं सकाळच्या रेडिओवरच्या बातम्या आणि सांगलीचा हळदीचा भाव त्या फळ्यावर लिहीत. शेतकरी तो वाचूनच गाड्या बाजारात नेत. त्यामुळे आडत्यांना मनाला येईल तो भाव सांगता येईना. नगराध्यक्ष स्वतःच आडते होते. काल त्यांनी नगरपालिकेत फळा काढण्याचा ठराव करून घेतला होता.

बाईंनी आपली काळी छत्री उघडली, खडू पुन्हा पाण्यात बुडवला आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं. एका बाजूला हळदीचा भाव, दुसऱ्या बाजूला कालचा ठराव, हात वर करणाऱ्यांच्या नावांसकट. मग छत्री डोक्यावर धरून त्या भर बाजारातून सावकाश निघाल्या. गाडीवान बैल थांबवून वाचू लागले.

नगराध्यक्ष पेढीवरून अनवाणीच धावत आले. "बाई, छत्री मिटा. फळा उद्या परत लावतो."

"नक्की लावणार ना?" बाईंनी छत्री खाली घेतली आणि मोकळी जागा शोधली. "मग तेही लिहिते."